काट्यावर तोललेली सतरा माणसे

प्रति,
मा. ठाणा प्रभारी महोदय,
ग्रामीण पोलीस ठाणे,
जिल्हा बुऱ्हाणपूर (म. प्र.)

अर्जदार : कौतिक तोताराम महाजन, वय ६४, धंदा शेती (केळी), पूर्वी वार्ताहर, रा. दापोरा.

विषय : मीच लिहून दिलेल्या तक्रारीतील चुका निदर्शनास आणणे, आणि समाधान कौतिक महाजन व सौ. ज्योत्स्ना समाधान महाजन यांचा पोलीस पडताळणी अहवाल दि. १२ डिसेंबरपूर्वी पाठवण्याबाबत.

संदर्भ : १) दापोरा येथील चौदा ग्रामस्थांचा तक्रार अर्ज, दि. १८ नोव्हेंबर २०२५.
२) आपल्या हवालदार साहेबांनी दि. २१ नोव्हेंबर रोजी ताब्यात घेतलेली निळ्या पुठ्ठ्याची वही.

महोदय,

१. संदर्भ क्रमांक एकची तक्रार गजानन पुंडलिक चौधरी, केळी व्यापारी, रा. दापोरा, आणि आणखी तेरा जणांच्या सह्यांनी आपल्याकडे आली आहे. अडीच पाने, हिंदी, खाडाखोड एकही नाही. ती मी लिहिली आहे. गावातले अर्ज तीस वर्षांपासून माझ्याच ओट्यावर लिहिले जातात, रेशनकार्डापासून विजेच्या डीपीपर्यंत. लिहिणारा मी आणि सही करणारा दुसरा अशी पद्धत असल्याने त्या कागदावर माझे नाव कुठेही नाही. तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांपैकी समाधान हा माझा मुलगा आणि ज्योत्स्ना ही माझी सून. ही माहिती आपल्याला कोणी दिली नसावी, म्हणून ती सर्वांत आधी देतो.

२. मी मायेपोटी आलो आहे असे आपण समजू नये. तक्रार माझी नाही, त्यामुळे ती मागे घेण्याचा अधिकारही मला नाही. मुलाचा आणि सुनेचा बेत मला मान्य नव्हता, आज नाही, उद्याही असणार नाही. माझे म्हणणे एवढेच की तक्रारीत लिहिलेले खोटे आहे, आणि लिहिण्याआधी मी ते तपासले नाही. मी अठ्ठावीस वर्षे एका दैनिकाचा ग्रामीण वार्ताहर होतो. साडेपाचच्या बसने बातमीचे पाकीट बुऱ्हाणपूरला जायचे, बस चुकली की बातमी मेली. तेवढ्या घाईतही जागेवर न जाता मी एक ओळ लिहिलेली नाही. या वेळी जागा माझ्या ओट्यापासून त्रेचाळीस पावलांवर होती. हे अंतर मी नंतर मोजले. तेव्हा गेलो नाही.

३. बेत काय आहे ते तक्रारीत मुद्दाम मोघम ठेवले होते, म्हणून येथे स्पष्ट लिहितो. समाधान, वय ३१, विमानचालक आहे. पाच वर्षे तो इतर मुलांना विमान शिकवत होता. ज्योत्स्ना, वय २९, विमानांची दुरुस्ती करणारी परवानाधारक इंजिनियर आहे. ती खंडव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातली, तीन पिढ्यांची ख्रिस्ती, वडील रेल्वेतून निवृत्त. लग्न तीन वर्षांपूर्वी नोंदणीने झाले, धर्म कोणी बदलला नाही. समाधान तिच्यासोबत प्रार्थनेला बसतो. त्याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक नसलेले मी लिहीत नाही. निदान या अर्जात नाही.

आफ्रिकेत लहान विमाने चालवणारी एक ख्रिस्ती मिशन संस्था आहे. पावसात रस्ते बंद झाले की ती रोगी, औषधे, नर्सबाई आणि पाद्री यांची ने-आण करते, असे दोघे सांगतात. चाड नावाच्या देशात. दोघांनी तेथे कामाला जायचे की नाही हे अजून ठरलेले नाही. संस्था त्यांना पारखते आहे आणि ते संस्थेला. त्यासाठी जानेवारीत तीन आठवड्यांचा पाहणी दौरा आहे, आणि त्या दौऱ्याच्या व्हिसाला आपल्याकडचा पडताळणी अहवाल लागतो. अहवाल १२ डिसेंबरपर्यंत न गेल्यास त्यांच्या जागी दुसरे जोडपे जाईल. पुढची संधी कधी, हे संस्थेने सांगितलेले नाही. ही तारीख मला तक्रार लिहितानाही माहीत होती. किंबहुना ती माहीत होती म्हणूनच तक्रार चांगली उतरली.

४. माझा विरोध कशाला आहे हेही नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी मला फितूर म्हणणार नाही. एक म्हणजे, आजाऱ्याला औषध देताना देवाचे नाव मध्ये आणण्याची गरज मला पटत नाही, देव कोणताही असो. मी ज्योत्स्नाला समोर बसवून विचारले की रोगी विमानात चढवायच्या आधी तुम्ही त्याला येशूचे नाव घ्यायला लावणार का. ती म्हणाली, "नाना, चढताना आम्ही त्याला फक्त वजन विचारतो." मी म्हणालो, आणि उतरताना? म्हणाली, "उतरताना तो थँक्यू म्हणतो, नाहीतर उलटी करतो." हे उत्तर मला पुरेसे वाटलेले नाही.

दुसरे, आमच्या भागात बाळंतिणीला वेळेवर गाडी मिळत नाही, आणि ही दोघे सात समुद्रापलीकडे विमान घेऊन निघाली. समाधानला तसे बोललो तर तो म्हणतो, "नाना, इथे रोड तर आहे ना यार." बापाला यार म्हणणे हा तक्रारीचा वेगळा विषय होऊ शकतो.

तिसरे कारण असे. रस्त्यावरचे, तापीतले, विजेच्या तारांचे मिळून चारशेहून जास्त अपघात मी लिहिले आहेत. त्यात विमानाचा एकही नाही. पहिला लिहिण्याची माझी इच्छा नाही. समाधान एकुलता एक आहे.

५. आता घटना. संस्थेने दोघांना एक लेखी काम दिले होते. चालकाशेजारची धरून नऊ जागांचे छोटे विमान, आखूड मातीची धावपट्टी, उन्हाची वेळ, अठरा प्रवासी, दोन फेऱ्या. कोणाला कोणत्या फेरीत आणि कोणत्या जागेवर बसवायचे, त्याचा तक्ता करून पाठवायचा. अट अशी की माणसे खरी हवीत आणि वजने प्रत्यक्ष घेतलेली हवीत, चपला आणि हातातल्या पिशवीसकट. ज्योत्स्नाचे म्हणणे असे की वजन विचारले तर माणूस खोटे सांगतो. येथवर ती बरोबर आहे.

त्यानुसार रविवार, दि. १६ नोव्हेंबर रोजी सकाळी नऊ ते साडेदहा या वेळेत दोघांनी गजानन चौधरीच्या आवारात, त्याच्याच केळी मोजण्याच्या काट्यावर, गावातल्या सतरा जणांची वजने घेतली. काटा गजाननने आपखुशीने दिला आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसला. नाव, वय आणि वजन वहीत लिहिले गेले. फेरी आणि जागेचा क्रमांक प्रत्येकाच्या तळहातावर ज्योत्स्नाने मार्करने लिहिला, कारण तिकडे चिठ्ठी हरवते म्हणून तसेच करतात. प्रत्येकाला चहा आणि केळीचे वेफर दिले. देवाधर्माचा शब्द कोणीही काढला नाही. हे मी दि. २७ ते २९ नोव्हेंबर या तीन दिवसांत सतरा जणांपैकी गजानन सोडून चौदा जणांना घरी जाऊन विचारले आहे. उरलेले दोघे सुरतेला कामावर गेले आहेत, त्यांच्याशी फोनवर बोललो. तोच प्रश्न मी प्रत्येकाला दोनदा विचारला, एकदा सुरुवातीला आणि एकदा उठताना.

६. चूक येथे झाली, आणि ती आमच्याच गावात होऊ शकते. दापोऱ्यात काट्यावर जे चढते ते विकले जाते. काट्यावर चढलेला घड आजवर कधी परत शेतात गेलेला नाही. व्यापाऱ्याला घड पसंत पडला की तो त्यावर खूण करतो. खूण झाली की माल त्याचा. त्यामुळे माणसे काट्यावर चढली, वहीत लिहिली गेली, वर हातावर आकडाही पडला, तेव्हा संध्याकाळपर्यंत गावात एकच प्रश्न होता : घेणार कोण?

गोदाबाई, वय ७८, आमच्या गल्लीच्या टोकाला एकट्या राहतात. त्यांना हातावरचा आकडा तीन दिवस पुसू द्यायचा नव्हता. त्या मला म्हणाल्या, "कौतिक, माह्या जन्मात पहिल्यांदा कोणी काही तोललं अन् उचलून नाही नेलं. वरतून चहा पाजला." पण त्यांच्यासारखा विचार करणारे कमी निघाले. रात्रीच्या जेवणापर्यंत ही दोघे गावातली माणसे आफ्रिकेत नेणार असे झाले होते. सोमवारी सकाळपर्यंत चर्चला माणशी नव्हे तर किलोवर पैसे मिळतात, म्हणून वजन घेतले, असे झाले. दूध घालायला आलेल्या एका इसमाने मला विचारले की जाड माणसाला भाव जास्त का. मी त्याला हाकलले नाही. मी ते वाक्य मनात ठेवले आणि तक्रारीच्या दुसऱ्या पानावर वापरले.

७. सोमवार, दि. १७ नोव्हेंबर रोजी सकाळी अकरा वाजता गजानन तिघांना घेऊन माझ्या ओट्यावर आला. समाधान आणि ज्योत्स्ना शहरात कागदपत्रांसाठी गेले होते, हे त्याला माहीत होते. त्याचे शब्द मी जसेच्या तसे देतो : "कौतिकभाऊ, माणसं तोलून राहिले हो हे! आपल्याकडे काट्यावर काय चढतं? माल. मंग हा माल कोनाचा? तुमचं पोरगं हाय म्हनून चार लोक गप हायत, नाहीतर आतापर्यंत राडा झाला असता. तुम्हाले तरी जाऊ द्यायचं हाय का त्याले तिकडे? एक अर्ज गेला की बस. ना आपलं पोरगं जेलात जाईन, ना विमानात."

शेवटच्या वाक्यावर मी पेन उघडले. पस्तीस मिनिटांत तक्रार तयार झाली. तीत मी सतरा जणांची यादी "धर्मांतरासाठी निवडलेल्या व्यक्तींची सूची" म्हटली. चहा-वेफरला "प्रलोभन" म्हटले. तळहातावरच्या आकड्याला "रहस्यमय चिन्ह" म्हटले. या तीन शब्दांपैकी एकही गजाननला सुचला नसता. ते माझे आहेत आणि तिन्ही खोटे आहेत.

सह्यांविषयीही आपली नोंद दुरुस्त करावी. चौदा सह्यांपैकी गजाननखेरीज सहा जण स्वतः काट्यावर चढलेले आहेत. त्यांना विचारले की तुमचा धर्म कोणी बदलायला निघाले होते का, तर एक म्हणाला, "तसं काही नाही, पन गजूभाऊनं सांगितलं सही कर, माल त्यालेच देतो ना आपन." बाकीच्यांचे उत्तर याहून वेगळे नाही. आणखी दोन सह्या ज्यांच्या आहेत ते वर परिच्छेद पाचमध्ये सांगितलेले सुरतेचे दोघे. ते १६ तारखेच्या संध्याकाळीच गाडीत बसले होते. १८ तारखेला त्यांनी दापोऱ्यात सही कशी केली, हे गजाननला विचारावे.

८. दि. २१ नोव्हेंबर रोजी आपले हवालदार साहेब आमच्या घरी आले. त्यांचे वागणे सभ्य होते, याबद्दल तक्रार नाही. त्यांनी अंगणात उभे राहून तक्रार मोठ्याने वाचली. समाधान पहिले पान संपेपर्यंत ऐकत होता. दुसरे पान सुरू झाल्यावर तो माझ्याकडे पाहू लागला. लहानपणापासून माझ्या बातम्यांची पाकिटे त्यानेच बसपर्यंत नेली आहेत. हवालदार गेल्यावर तो म्हणाला, "नाना, वाक्यं तुमची आहेत." एवढेच. त्यानंतर आजपर्यंत, म्हणजे दहा दिवस, तो माझ्याशी कामापुरते बोलतो. पाणी सोडले का, वीज आली का.

माझी पत्नी सरुबाई मात्र कामापुरती बोलत नाही. ती म्हणाली, "गावात कोनाची गंजी पेटली तर सायकल काढून पळत होते. अन् आपल्या घराची बातमी ओट्यावर बसल्या बसल्या लिहिली? वा रे पेपरवाले!"

९. आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः हा अर्ज लिहीत आहे तो. आपण ताब्यात घेतलेली वही दुप्रती आहे. ज्योत्स्ना कोणताही आकडा कार्बन घालूनच लिहिते. तिकडे काय न्यायचे त्याच्या हिशेबासाठी घरातल्या प्रत्येक वस्तूचे वजन तिने असेच लिहून ठेवले आहे. लोणच्याच्या बरणीवर "बरणीसह २.३" अशी चिठ्ठी आहे आणि माझ्या टाइपरायटरवर "नेऊ नये" अशी. मी तो देऊ केलेला नव्हता. तर वहीची दुसरी प्रत घरात फळीवर होती. २६ नोव्हेंबरला मी ती काढून वाचली. दहा दिवस उशिरा वाचली.

पहिल्या पानावर, एकाही माणसाचे नाव येण्यापूर्वी, अशी नोंद आहे : "काटा तपासला. सहकारी सोसायटीचे शिक्का मारलेले २० किलोचे वजन ठेवले. काटा १९.२ दाखवतो. वजन उतरवून पुन्हा ठेवले. १९.२. पुढील सर्व वजनांत दुरुस्ती केली आहे."

म्हणजे गजाननचा काटा शंभर किलोला चार किलो कमी दाखवतो. त्याच काट्यावर दापोऱ्याची निम्मी केळी चढते. माझीही.

१०. त्या रविवारी हे सर्वांसमोर बोललेही गेले होते, फक्त ऐकले कोणी नाही. गजानन काट्यावर चढला तेव्हा काट्याने ९४ दाखवले. ज्योत्स्ना म्हणाली, "काका, काटा चौऱ्याण्णव म्हणतोय, पण हा काटा शंभराला चार कमी दाखवतो. तुम्ही अठ्ठ्याण्णवला आहात. पहिल्या फेरीत नाही बसणार, तुम्हाला दुसऱ्या फेरीत टाकते." मागून कोणी तरी ओरडले, "गजूभाऊ, पहिली फेरी वऱ्हाडाची, दुसरी नवरदेवाची!" लोक पोट धरून हसले. त्या दिवसापासून चहाच्या टपरीवर त्याला "आली का दुसरी फेरी" असे म्हणतात. तक्रार त्या अपमानातून झाली असे गाव समजते, आणि २६ तारखेपर्यंत मीही तसेच समजत होतो. सगळे गजाननच्या पोटावर हसत होते. त्या वाक्यात आपली केळी होती, हे एकट्या गजाननला कळले.

समाधानकडून मी पुढचे विचारून घेतले. हे कामापुरतेच असल्याने तो बोलला. सगळे गेल्यावर ज्योत्स्नाने गजाननला बाजूला घेऊन सांगितले होते, "काका, काटा दुरुस्त करून घ्या." तो म्हणाला होता, "हो बेटा, उद्याच पाठवतो." उद्याच तो माझ्या ओट्यावर आला. काटा त्याने परवा पाठवला. १८ नोव्हेंबरला, ज्या दिवशी तक्रार आपल्याकडे पोहोचली त्याच दिवशी, काटा आवारातून गेला. मी २८ तारखेला सोसायटीचे वजन घेऊन गेलो तेव्हा तेथे नवा काटा होता आणि तो वीसला वीस दाखवत होता. जुना कोठे आहे असे विचारले. गजानन म्हणाला, "भंगारात दिला. तुम्हाले काय करायचा तो, नातू तोलायचा का?" मला नातू नाही. तो हे जाणतो.

अर्थात जुन्या काट्याविषयीची एकमेव लेखी नोंद आज आपल्या कपाटात आहे, आणि ती धर्मांतराचा पुरावा म्हणून ठेवली आहे. कार्बन प्रत आहे, पण मूळ प्रत ती मूळ प्रत. गजाननला वही जप्त व्हायला हवी होती. पोरांचे विमान चुकणे हे त्याच्या दृष्टीने वरकड काम होते. ते माझे काम होते. एका कागदात दोघांची कामे झाली.

११. मी ज्योत्स्नाला विचारले की हे तुला माहीत होते तर गावाला का सांगितले नाहीस. हवालदार अंगणात उभे असताना तरी सांगायचे. ती म्हणाली, "नाना, दोन चाचण्यांवर कोणाला चोर म्हणत नाहीत. आमच्याकडे तीन घेतात. तिसरी घ्यायच्या आधी माणसं यायला लागली."

मी सांगू इच्छितो की ही मुलगी मला उद्धट वाटते. ती माझ्या बोलण्यातले आकडे चारचौघांत दुरुस्त करते. पण जिने दोनदा तपासूनही आरोप केला नाही तिच्यावर, एकदाही न तपासता, मी अडीच पानांचा आरोप केला. हे वाक्य लिहायला मला तक्रारीपेक्षा जास्त वेळ लागला.

१२. तरी आपणास विनंती की,

(अ) संदर्भ क्रमांक एकची तक्रार मी लिहिली, न पाहता लिहिली आणि त्यातील धर्मांतर, प्रलोभन व चिन्ह ही तिन्ही विधाने खोटी आहेत, असा माझा जबाब नोंदवावा. खोटी तक्रार लिहून दिल्याबद्दल जी कारवाई बसते ती माझ्यावर करावी. वयाची सवलत मागत नाही.

(ब) निळी वही धर्मांतराच्या कागदांतून काढावी. ती दोघांना परत करू नये. नापतौल (वजनमापे) निरीक्षकांकडे मी वेगळा अर्ज केला आहे, त्यांची मागणी येईपर्यंत ती कुलपात ठेवावी, आणि गजानन किंवा त्याच्या वतीने कोणी पाहायला मागितल्यास दाखवू नये.

(क) समाधान व ज्योत्स्ना यांचा पडताळणी अहवाल १२ डिसेंबरपूर्वी पाठवावा. त्यांच्याविरुद्ध लिहिण्यासारखे माझ्याकडे बरेच आहे, ते वर लिहिले आहे. त्यात गुन्हा एकही नाही. त्यांना जाण्यापासून अडवायचे असेल तर ते मला तोंडाने आणि घरात अडवावे लागेल. मी अडवून पाहणार आहे.

१३. शेवटची एक दुरुस्ती राहिली. ती आपल्या कामाची नसेल, परंतु वही आपल्या ताब्यात असल्याने ती आपल्यालाच कळवणे भाग आहे.

संस्थेने अठरा प्रवासी सांगितले होते. काट्यावर सतराच चढले. अठरावे नाव वहीच्या शेवटच्या पानावर, तक्त्यात आहे. पहिली फेरी, जागा क्रमांक दोन, म्हणजे चालकाच्या शेजारची. चालकाच्या जागी "समाधान" असे लिहिले आहे. शेजारी लिहिले आहे : "नाना. काट्यावर आले नाहीत. अंदाजे ७० धरले." त्या सकाळी समाधान मला बोलवायला ओट्यावर आला होता. मी त्याला म्हणालो होतो, मी केळी नाही.

अंदाजाने धरलेली ही त्या वहीतली एकच नोंद आहे, आणि ती चुकीची आहे. २९ नोव्हेंबर रोजी सकाळी सोसायटीच्या काट्यावर, आधी शिक्क्याचे वजन तीनदा ठेवून काटा तपासल्यावर, चपला आणि पिशवीसह माझे वजन ६१.४ किलो भरले. फरक ८.६ किलोचा आहे. तेवढ्यात लशींचा एक डबा बसतो असे ज्योत्स्ना म्हणते. तिच्या म्हणण्याची खातरजमा मी केलेली नाही.

कृपया त्या नोंदीसमोर ही पावती जोडावी. आकडा दुरुस्त करण्याची विनंती आहे. नाव खोडण्याची नाही.

आपला, विरोध कायम ठेवून चूक कबूल करणारा,

(सही)
कौतिक तोताराम महाजन
दापोरा, दि. १ डिसेंबर २०२५, सोमवार

सोबत :
१) तक्रारीचा माझ्या हस्ताक्षरातील कच्चा मसुदा, पाने तीन.
२) चौदा जणांची सही-अंगठ्यासह लेखी निवेदने. गोदाबाईंनी सही केली आहे, आणि शेजारी तळहातावरचा आकडाही आग्रहाने लिहायला लावला आहे.
३) सुरतेच्या दोघांच्या दि. १६ नोव्हेंबरच्या रेल्वे तिकिटांच्या छायाप्रती.
४) निळ्या वहीच्या कार्बन प्रतीची छायाप्रत, पाने सहा.
५) सोसायटीच्या काट्याची पावती, ६१.४ किलो.